देशाच्या सीमेवरून : लोणावळा ते राजमाची

'सीमा' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर काटेरी तारांचे कुंपण, चौकी आणि बंदूकधारी जवान उभे राहतात. युरोपातील आल्प्स पर्वतात मात्र अशाही काही राष्ट्रसीमा आहेत, की ज्यांच्या माथ्यावरून हौशी प्रवासी पाठीवर पिशवी टाकून दिवसचे दिवस चालत असतात. ऑस्ट्रिया आणि इटली या दोन देशांमधील कार्निक पर्वतरांगेच्या माथ्यावरून जाणारी अशी एक वाट प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात याच माथ्यावर दोन्ही बाजूंची सैन्ये खंदक खोदून समोरासमोर बसली होती. आज त्याच वाटेला तेथील लोक 'शांतिपथ' म्हणतात. आपल्यापैकी अनेकांची मुले, नातवंडे आता परदेशी असतात आणि तेथील डोंगरमाथ्यांवरची त्यांची छायाचित्रे आपल्या मोबाइलवर येत असतात. ती पाहताना वाटते, की सीमेवरून चालण्याचा हा आनंद पुण्या-मुंबईच्या अगदी मधोमध, लोणावळ्याच्या स्थानकापासून पायी सुरू होतो, याची आपल्याला कितपत जाणीव आहे?

मराठीत 'देश' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक राष्ट्र, आणि दुसरा सह्याद्रीच्या पूर्वेकडील घाटावरचा मुलूख. घाटाखाली कोकण, घाटावर देश. या अर्थाने पाहिले, तर लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी डोंगरधार ही अक्षरशः देशाची सीमा होय. पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांची हद्द याच कड्यांच्या आसपास फिरते. माथ्यावरचे उधेवाडी गाव मावळ तालुक्यात, तर पायथ्याची कोंढाण्याची लेणी कर्जत तालुक्यात आहेत.

थेंबाचे दोन मार्ग

या सीमेचे वैशिष्ट्य असे, की ती कोणा राजाने वा सरकारने आखलेली नाही. ती पाण्याने आखली आहे. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो काळा पाषाण तयार झाला, त्याचा कोकणाकडील कडा तुटलेला आहे आणि देशाकडील बाजू सावकाश उतरत गेलेली आहे. या धारेच्या पश्चिमेस पडलेला पावसाचा थेंब उल्हास नदीत उतरतो आणि कर्जत, बदलापूर, कल्याण अशी गावे घेत वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळतो. ही सारी वाटचाल सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेरची. तोच थेंब पूर्वेच्या उतारावर पडला, तर तो इंद्रायणीच्या खोऱ्यात जातो. मग देहू, आळंदी, तुळापूरचा भीमेशी संगम, पुढे पंढरपूरची चंद्रभागा, त्यानंतर कृष्णा, आणि अखेरीस आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर, असा त्याचा प्रवास हजार किलोमीटरांहून अधिक होतो. आकाशात शेजारी असलेल्या दोन थेंबांचे पुढचे आयुष्य जमिनीवर पडताना काही हातांच्या अंतराने ठरते.

पाऊसही येथे सीमा पाळतो. लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेथून केवळ पासष्ट किलोमीटरांवरच्या पुणे शहरास सातशेच्या आसपासच मिळतो. समुद्राकडून आलेले ढग या कड्याशी थांबतात, वर चढतात आणि बहुतेक सर्व संपत्ती येथेच रिती करून पुढे जातात. म्हणून मावळात भात पिकतो आणि पुण्याच्या पूर्वेस बाजरी-ज्वारीचा मुलूख सुरू होतो. 'मावळ' हे नावही दिशेवरून आले असे मानतात. ज्या बाजूला सूर्य मावळतो, ते मावळ. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही येथील खोऱ्यांची नावे आजही लोकांच्या बोलण्यात आहेत. माझ्या नोकरीतील काही वर्षे याच तालुक्यातील एका शाखेत गेली. पीककर्जाच्या निमित्ताने ही नावे कागदावर रोज लिहिली. ती ज्या डोंगरांच्या कुशीत आहेत ते डोंगर मात्र निवृत्तीनंतर पायांनी ओळखले.

धारेवरची वाट

कार्तिकी पौर्णिमा उलटून गेल्यावर, मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही सात जण लोणावळ्याच्या स्थानकावर उतरलो. सर्व साठीच्या पुढचे. त्यांतील आम्ही चौघे बँकेतील जुने सहकारी, दोघांच्या सौभाग्यवती आणि एक शेजारी. लोणावळा ते राजमाचीच्या माचीवरील उधेवाडी हे अंतर सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर आहे. वाट रुंद आहे, कोठेही दोराची वा हातापायांनी चढण्याची गरज पडत नाही. परंतु चढ-उतार सतत आहेत आणि सावली सलग नाही. रोज तासभर चालण्याची सवय असलेल्या निरोगी माणसाला पाच ते सहा तास लागतात. गिर्यारोहकांच्या भाषेत हा मध्यम श्रेणीचा ट्रेक होय.

स्थानकापासून तुंगार्लीपर्यंत बंगल्यांची वस्ती आहे. तुंगार्लीच्या धरणाचा चढ संपला, की शहर एकदम मागे राहते. भाताची कापणी झालेली होती. खाचरांत पिवळे खुंट उभे होते आणि बांधांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. पुढे वाट कधी दाट झाडीत शिरते, कधी उघड्या माळावर येते. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा, मधूनच कारवीचे रान. फणसराई नावाच्या वस्तीचे नावच तेथील झाडांची ओळख सांगते.

वाट कड्याजवळ येते, तेथे उल्हास नदीचे खोरे अकस्मात पायाखाली उघडते. पावसाळ्यात याच खोऱ्यात कातळधार नावाचा प्रचंड धबधबा कोसळतो. मार्गशीर्षात खोरे निःशब्द असते, आणि त्या शांततेत पलीकडच्या डोंगरातून एक दीर्घ शिटी ऐकू आली. नीट पाहिल्यावर बोगद्यातून बाहेर पडणारी आगगाडी दिसली. एवढ्या अंतरावरून ती काडेपेट्यांची माळ वाटत होती.

हा बोरघाटाचा लोहमार्ग. १८५६ साली त्याचे काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून वर आली. पंचवीस बोगदे, अनेक उंच पूल आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा तीव्र चढ. हजारो मजुरांनी हा मार्ग खोदला आणि त्यांतील अनेकांनी साथीच्या रोगांत व अपघातांत प्राण गमावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राटाची जबाबदारी स्वीकारली आणि काम पुढे नेले. त्याच्याही आधी, १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटातून गाडीरस्ता झाला होता. तरी स्थानिक लोक घाटाच्या वाटेचे श्रेय शिंग्रोबा नावाच्या धनगराला देतात. जनावरांमागे हिंडून डोंगराची नस ओळखणाऱ्या या माणसाने इंग्रजांना मार्ग दाखवला आणि त्याचे बक्षीस म्हणून त्याला मृत्यू मिळाला, अशी आख्यायिका आहे. घाटात त्याचे मंदिर आहे आणि वाहनचालक आजही तेथे हात जोडतात.

आमच्या मंडळींना त्या गाडीकडे पाहून एक गमतीची गोष्ट आठवली. कर्जतहून घाट चढताना गाडीला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने लावतात, त्यांना रेल्वेच्या परिभाषेत 'बँकर' म्हणतात. एक सहकारी म्हणाले, "आयुष्यभर आपणही तेच केले. गाडी दुसऱ्याची, आपण मागून ढकलायचे आणि माथा आला की बाजूला व्हायचे." सर्व जण मनापासून हसले.

सीमेचे राखणदार

दुपारी दोनच्या सुमारास राजमाचीचे जुळे बालेकिल्ले समोर आले. श्रीवर्धन उंच, सुमारे ९१४ मीटर, आणि मनरंजन त्याहून थोडा ठेंगणा. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आहे आणि खाली माचीवर उधेवाडी गाव. गावाजवळ एक जुने तळे असून त्याच्या काठी पुरातन शिवमंदिर आहे.

राजमाची कशासाठी बांधली, हे श्रीवर्धनच्या माथ्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चढायला पाऊण-एक तास लागतो. वाटेत दरवाजा, दुहेरी तटबंदीचा बुरूज आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माथ्यावरून पश्चिमेस कर्जतचा सपाट मुलूख आणि माथेरानचा पठारी डोंगर दिसतो. दक्षिणेस नागफणीचे टोक, उत्तरेस ढाकचे दुर्गम सुळके, पूर्वेस शिरोत्याचा विस्तीर्ण जलाशय. कल्याणच्या बंदरातून देशावर येणारा माल ज्या घाटांनी चढत असे, त्यांवर येथून नजर राहते. १६५७ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी हा किल्ला स्वराज्यात आणला. पुढे १७१३ च्या सुमारास कान्होजी आंग्रे यांनी तो घेतला. त्याच वेळी बाळाजी विश्वनाथ यांनी लोणावळ्याच्या परिसरात कान्होजींची भेट घेऊन तलवार न उपसता तह घडवून आणला. समुद्राचा स्वामी आणि देशावरचा मुत्सद्दी यांनी सलोख्यासाठी घाटमाथ्याची निवड करावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. १८१८ साली किल्ला इंग्रजांकडे गेला आणि त्याचे राखणदारपण संपले.

पूर्वेच्या जलाशयाकडे पाहताना आणखी एक विचार मनात येतो. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील धरणे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांनी बांधली. इंद्रायणीच्या खोऱ्यातील जे पाणी स्वभावतः पूर्वेकडे गेले असते, ते या धरणांत अडवून नळांवाटे घाटाच्या कड्यावरून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडण्यात आले आणि १९१५ साली खोपोलीच्या केंद्रात वीज तयार होऊ लागली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज देऊन झालेले पाणी पाताळगंगेस मिळते आणि तिच्या काठच्या गावांना व कारखान्यांना वर्षभर पुरते. इकडे भीमा खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांतून हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी होत असते. दोन्ही बाजूंच्या गरजा खऱ्या आहेत. निसर्गाने आखलेली सीमा माणसाने एकदा ओलांडली, की त्यानंतर न्यायाचा ताळेबंद जुळवणे किती कठीण होते, हे या शांत निळ्या पाण्याकडे पाहून उमगते.

सासर वर, माहेर खाली

उधेवाडीत आम्ही एका घरी मुक्काम केला. गावातील बरीच कुटुंबे शेतीबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या भोजनाची आणि राहण्याची सोय करतात. घरच्या ताईंना आम्ही आधीच दूरध्वनीवरून सांगितले होते, की कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही आणि भोजन सूर्यास्तापूर्वी हवे. त्या म्हणाल्या, "काका, काळजी नका करू. आमच्याकडं रात्री अकराला चहा मागणारे पाहुणे येतात. दिवे लागायच्या आत जेवणारे आले तर आम्हालाच बरं." पाचच्या सुमारास अंगणात पानं मांडली गेली. तांदळाची भाकरी, कांद्याविना केलेलं पिठलं, वालाचं बिरडं, इंद्रायणी तांदळाचा भात आणि घरचं ताक. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा इंद्रायणी तांदूळ शहरात आपण विकत घेतो. ज्या मातीत तो पिकतो, तेथे बसून खाताना त्याचा सुगंध निराळाच लागला.

जेवणानंतर ताईंच्या सासूबाई ओट्यावर येऊन बसल्या. वय ऐंशीच्या आसपास असावे. माझ्या पत्नीने त्यांना विचारले, "आजी, तुमचं माहेर कुठलं?" त्यांनी हाताने कड्याकडे बोट केले. "खाली. कोंढाण्याच्या अंगाला. लग्नात वऱ्हाड चढून आलं, मी बी चालतच आले. मग दर सणाला उतरायचं आणि चढायचं. डोक्यावर करवंदं, जांभळं घेऊन कर्जतच्या बाजाराला जायचं, येताना मीठ, गूळ आणि बांगड्या."

"भीती नाही वाटायची?"

"कशाची भीती? माहेराची वाट ती."

थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आता सुना मोटारीनं लोणावळ्याला जातात, तिथनं गाडीनं कर्जतला. दिवस जातो. पण गुडघे वाचतात."

आम्ही पर्यटक ज्या वाटेस ट्रेक म्हणतो, ती आजींच्या आयुष्यात माहेरची वाट होती. नकाशावर दोन जिल्हे वेगळे करणारी ती रेघ ओलांडून येथे पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या, धान्य आणि मीठ यांची देवघेव झाली, आजारी माणसाला झोळीत घालून जवळच्या डॉक्टरकडे नेण्यात आले. पावसाळ्यात वरच्या रस्त्याचा अजूनही भरवसा नसतो, असे ताईंनी सांगितले. गावातली मुले शिक्षणासाठी लोणावळ्यात नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहतात.

बँकेत गहाणखत तपासताना आम्ही 'चतुःसीमा' हा मजकूर फार काळजीपूर्वक वाचत असू. पूर्वेस अमुक यांची जमीन, पश्चिमेस तमुक यांची, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता. शेजारी कोण आहे हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे कोणत्याही जमिनीची सीमा लिहिताच येत नाही. चाळीस वर्षे हा मजकूर वाचला, पण त्याचा अर्थ त्या ओट्यावर अधिक नीट समजला. आजींच्या पश्चिमेस माहेर होते.

उतरणीची वाट आणि लेणी

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन गट केले. ज्यांचे गुडघे दुखतात असे तिघे जीपने लोणावळ्यास परतले आणि आम्ही चौघे गावातील एका तरुणास वाटाड्या घेऊन कोंढाण्याकडे उतरलो. उतार तीव्र आहे, वाळलेल्या गवतावरून आणि सुट्या दगडांवरून पाय घसरतो. अडीच-तीन तास लागतात. हातात काठी हवीच.

पायथ्याशी झाडीत कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदली गेली. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेला चैत्य, त्याच्या बाजूला विहार, आणि 'कण्हाचा शिष्य बलक' याने केल्याचा उल्लेख असलेला ब्राह्मी लेख. घाट चढून वर गेले, की कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या भव्य चैत्याचे काम पुरे करणारा भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा श्रेष्ठी होता. तेथील काही खांब यवनांनी, म्हणजे ग्रीक वंशाच्या परदेशी लोकांनी, दान दिले आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटाने दूरदूरचे व्यापारी येत होते आणि वाटेवरच्या साधूंसाठी कातळ कोरवून घेत होते.

आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी गोष्ट याच परिसरात आहे. कामशेतजवळील पाले या गावाच्या डोंगरातील एका लहान लेण्यात, अरिहंतांना वंदन करून सुरू होणारा ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भदंत इंद्ररक्षित याने लेणे आणि पाण्याची पोढी करवून घेतल्याचा त्यात उल्लेख आहे. महाराष्ट्रातील अतिप्राचीन जैन लेखांत त्याची गणना होते. अलीकडच्या वर्षांत लोहगडाच्या परिसरातही त्याच प्रकारचा लेख आढळला आहे. लेण्यांच्या जोडीला पाण्याची पोढी का, याचे उत्तर या डोंगरात चालून आलेल्या तहानलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

केव्हा जावे?

या लेण्यांचा एक हेतू वर्षावास हा होता. पावसाळ्यात भूमी जीवजंतूंनी आणि कोवळ्या अंकुरांनी भरून जाते. पावलागणिक हिंसा घडू नये म्हणून साधूंनी चार महिने एका जागी राहावे, हा नियम श्रमण परंपरेने घालून दिला. आपल्याकडे चातुर्मास आजही पाळला जातो आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार पुन्हा सुरू होतो. बोरघाटातून पायी जाणारे साधु-साध्वी त्यानंतर अनेकांनी पाहिले असतील.

आज नेमके उलटे घडते. आठ महिने ज्या डोंगरांकडे कोणी फिरकत नाही, तेथे आषाढ-श्रावणात हजारोंची झुंबड उडते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी याच तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पावसाळ्याच्या तोंडाशी राजमाचीच्या झाडांवर काजवे लखलखतात, तेव्हाही हीच गर्दी येते. काजव्यांचा प्रकाश ही त्यांची जोडीदाराला घातलेली साद असते. त्यांच्यावर विजेऱ्या आणि मोबाइलचे झोत मारले, की ती साद पोहोचत नाही. न दिसणारी ही हिंसाच आहे.

जुन्या नियमात केवळ व्रत नव्हते, डोंगराचे ज्ञानही होते, असे आता वाटते. म्हणून माझी सुज्ञ वाचकांना विनंती आहे, की राजमाचीस कार्तिकी पौर्णिमेनंतर, माघापर्यंत जावे. त्या दिवसांत आकाश स्वच्छ असते, वाट कोरडी असते, ऊन सोसवते आणि गावकऱ्यांनाही पाहुण्यांसाठी सवड असते.

निघण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सकाळी सातपर्यंत लोणावळा सोडावे. प्रत्येकी तीन लिटर गाळलेले पाणी आणि खाकरा, चणे-गूळ, सुके अंजीर असा कोरडा फराळ जवळ असावा. रक्तदाब वा मधुमेहाची औषधे स्वतःच्या खिशात ठेवावीत, दुसऱ्याच्या पिशवीत नव्हे. मोबाइलचे जाळे सर्वत्र मिळत नाही, म्हणून परतीची वेळ घरी सांगून निघावे. कड्याच्या टोकावर छायाचित्रासाठी जाऊ नये. मुक्काम आणि भोजन गावातच घ्यावे आणि मोबदल्यात घासाघीस करू नये. नेलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक वेष्टन परत आणावे. आम्ही येताना वाटेवरच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, तेव्हा दोन पोती भरली. ती वाटाड्याच्या मदतीने खाली आणली.

ज्यांना एवढे चालणे शक्य नाही, त्यांनी कोरड्या दिवसांत जीपने उधेवाडीपर्यंत जावे आणि भैरवनाथाच्या खिंडीपर्यंत सावकाश चढून यावे. तेथून एका बाजूला कोकण आणि दुसऱ्या बाजूला देश दिसतो. नातवंडांना सोबत न्यावे. भूगोलाच्या पुस्तकात 'पाणलोट' हा शब्द ते पाठ करतातच. त्या खिंडीत उभे करून त्यांना एकदा दोन्ही उतार दाखवावेत, इकडचे पाणी कोठे जाते आणि तिकडचे कोठे, ते सांगावे. आणि उधेवाडीतील एखाद्या ओट्यावर बसून तेथल्या आजींना त्यांचे माहेर विचारावे.